५२% वरून ७०% ला जायचंय ना, मग आधी खालचे लाल ७% बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, टाइप १ डायबेटिसला १६ वर्षं झाली, रात्री ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) २२ युनिट आणि तिन्ही जेवणांना मिळून साधारण २३ युनिट रॅपिड (झटपट काम करणारं), सगळं इन्सुलिनच्या पेनने. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) ७.१, आणि आत्तापर्यंत सगळे डॉक्टर "छान आहे, असंच चालू द्या" म्हणत आले. यावेळी पहिल्यांदाच दंडाला चिकटवून सतत शुगर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावला आणि रिपोर्ट बघून धक्का बसला: टाइम इन रेंज, म्हणजे शुगर ७० ते १८० च्या मधे असण्याचा वेळ, ५२%, ७० च्या खाली ७% (त्यातले २% तर ५४ च्याही खाली), १८० च्या वर ४१%, त्यातले १४% २५० च्या वर. सरासरी १७२, सीव्ही (शुगर किती हिंदकळते त्याचा आकडा) ४२%. आणि तुम्ही विचारताय की तीन महिन्यांत ७०% कसं गाठायचं, डोस किती वाढवू.

डोस वाढवू नका. निदान आत्ता तरी नाही. मी गेली वीसेक वर्षं इन्सुलिनवरचे पेशंट बघतेय, त्यातली शेवटची काही वर्षं हे सेन्सरचे रिपोर्ट घेऊन, आणि दर आठवड्याला कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. प्रत्येकाची नजर त्या हिरव्या पट्ट्यावर, म्हणजे रेंजमधल्या वेळेवर. मी मात्र रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा खालचा लाल भाग, म्हणजे ७० च्या खालचा वेळ बघते, हिरव्याकडे नंतर.

आधी हे ७०% आलं कुठून ते सांगते. २०१९ च्या फेब्रुवारीत बर्लिनला परिषद झाली त्यात जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून सेन्सरच्या आकड्यांसाठी टार्गेटं ठरवली, त्याआधी किती टक्के पुरे यावर एकमत नव्हतं. टाइप १ किंवा टाइप २ असलेल्या मोठ्या माणसांसाठी ठरलं ते असं की ७० ते १८० च्या मधे ७०% पेक्षा जास्त वेळ, ७० खाली ४% पेक्षा कमी, ५४ खाली १% पेक्षा कमी, १८० वर २५% पेक्षा कमी आणि २५० वर ५% पेक्षा कमी. सीव्ही ३६% किंवा त्याखाली. लोकांच्या लक्षात यातलं फक्त ७०% राहिलं. बाकीचे आकडे त्याच ठिकाणी, तेवढ्याच महत्त्वाचे होते, पण ते कोणी स्टेटसला लावत नाही.

टक्क्यांनी काही कळत नाही म्हणून मी पेशंटना तास-मिनिटांत सांगते. १% म्हणजे दिवसाची साधारण १५ मिनिटं. तुमचे ५२% म्हणजे साडेबारा तास. टार्गेटचे ७०% म्हणजे पावणेसतरा तासांच्या आसपास, म्हणजे बघा, टार्गेट गाठलेला माणूससुद्धा दिवसातले सात तास रेंजच्या बाहेर असू शकतो आणि तरी त्याचं छान चाललंय. आणि तुमचे लाल ७% म्हणजे रोज एक तास चाळीस मिनिटं तुम्ही ७० च्या खाली असता. रोज. त्यातला जवळजवळ अर्धा तास ५४ च्या खाली. तुम्ही लिहिलंय की "लो फारसे होत नाहीत, कधीतरी आठवड्यातून एकदा घाम येतो." हेच वाक्य वाचून मला जास्त काळजी वाटली. रोज लो होताय आणि कळतंय आठवड्यातून एकदा, याचा अर्थ शरीराने ओरडणं सोडलंय. १६ वर्षांच्या डायबेटिसमधे आणि वारंवार लो होणाऱ्यात हे होतं, घाम धडधड थरथर हे इशारे उशिरा येतात किंवा येतच नाहीत आणि मग एकदम गोंधळल्यासारखं होतं. चांगली गोष्ट ही की काही आठवडे लो अगदी कटाक्षाने टाळले तर हे इशारे बऱ्याच जणांत बऱ्यापैकी परत येतात. तुम्ही बाइकने ऑफिसला जाता म्हणालात, तर तोवर निघायच्या आधी शुगर बघितल्याशिवाय किल्ली हातात घ्यायची नाही.

आता तुमचा तो ७.१ चा गोड गैरसमज. एचबीए१सी ही सरासरी आहे आणि सरासरीत वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात. रात्री ५५ आणि सकाळी २७० असलेला माणूस आणि दिवसभर १६० च्या आसपास सरळ चालणारा माणूस, दोघांचा रिपोर्ट सारखाच येऊ शकतो. सेन्सरच्या रिपोर्टवर जीएमआय म्हणून एक आकडा असतो, सरासरी शुगरवरून काढलेला अंदाज, तुमचा ७.४ आलाय. लॅबचा ७.१. एवढा फरक चालतो. पण कोणाचा फरक पाऊण-एक पॉइंटचा असेल तर हिमोग्लोबिन बघा, लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटा वाढतो, आणि आपल्या विदर्भात गडचिरोलीकडे, तसंच नंदुरबारकडे सिकल सेल (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) असलेल्यांमधे तर त्या आकड्यावर विसंबून डोस ठरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे. अशांना सेन्सर किंवा ग्लुकोमीटर हाच आधार.

बरं, तुमचा ग्राफ. तो चोवीस तासांचा चित्रपट असतो ना, मधे काळी रेघ, भोवती गडद पट्टा, त्याच्या बाहेर फिका पट्टा. १४ दिवस एकावर एक ठेवून काढलेला. काळी रेघ म्हणजे तुमचा नेहमीचा दिवस, गडद पट्ट्यात निम्मे दिवस बसतात, फिका पट्टा म्हणजे अधूनमधून होणाऱ्या गमतीजमती. रेघ वाकडी असेल तर डोस किंवा वेळ चुकतेय. रेघ ठीक पण पट्टा फुगलेला असेल तर दिवसादिवसांत काहीतरी बदलतंय, जेवणाची वेळ, कर्बोदकांचा अंदाज, इंजेक्शनची जागा. तुमच्यात दोन ठिकाणं उघड दिसतात. रात्री दोन ते चार फिका पट्टा ५० पर्यंत खाली गेलाय. आणि सकाळी साडेदहाला काळी रेघच २६० वर.

रात्रीचं आधी. तुम्ही पाठवलेल्या रोजच्या पानांत मी लो झालेल्या पाच रात्री काढून बघितल्या आणि चार रात्री गोष्ट तीच. सव्वानऊला ८ युनिट घेऊन जेवण. पावणेअकराला झोपायच्या आधी फोन बघितला, २४०, बाण वर. वैतागून ४ युनिट अजून ठोकले. तीन वाजता ५२. आता हिशोब करा. दिवसाचं एकूण इन्सुलिन ४५ युनिट, १८०० ला ४५ ने भागलं की ४०, म्हणजे ढोबळमानाने एक युनिट तुमची शुगर ४० ने उतरवतं. ४ युनिट म्हणजे १६०. २४० मधून १६० गेले, उरले ८०. हे झालं नुसत्या जादाच्या डोसचं. पण जेवणाचे जे ८ युनिट दीड तासापूर्वी घेतलेत ते कुठे गेले? रॅपिड इन्सुलिन तीन-चार तास काम करतं, दीड तासाला निम्म्याच्या आसपास अजून अंगात शिल्लकच असतं. पोटात थोडं जेवणही शिल्लक असतं हे मान्य, पण ४ युनिट वरून टाकायची गरज नव्हती, फार तर एक, आणि बहुतेक रात्री शून्य. आमच्याकडे याला स्टॅकिंग म्हणतात, मी पेशंटना सांगते की एका बसमधे माणसं चढून बसलीयेत, ती दिसत नाहीत म्हणून तुम्ही दुसरी बस बोलावताय.

पाचवी रात्र वेगळी आहे. तेव्हा जादा डोस नव्हता, तरी अडीचला शुगर काही मिनिटांत १३० वरून ६० वर पडली, सव्वातीनला तशीच उभी वर आली. तुम्ही काही खाल्लंही नव्हतं. ही खरी लो नसावी. सेन्सर डाव्या दंडाला आणि तुम्ही त्याच कुशीवर, दंड दाबला गेला की सेन्सरच्या भोवतीचा द्रवच कमी होतो आणि खोटा आकडा येतो. असे एकदम पडलेले-एकदम उठलेले खड्डे दिसले की घाबरून लाडू खायच्या आधी बोटातून तपासा. तुमच्या ७% मधला अगदी थोडा भाग अशा खोट्या लो मुळे असेल, फार नाही.

आणि हो, तुम्ही लिहिलंय की सकाळची शुगर वाढते ती रात्री लो होऊन शरीर उसळी मारतं म्हणून. हे पुस्तकांत वर्षानुवर्षं होतं आणि आम्हीही शिकलो, पण सेन्सर आल्यावर दिसलं की बहुतेकांमधे रात्री लो झाली तर सकाळी शुगर कमीच असते. सकाळी २३० दिसते ती तीन वाजता घाबरून खाल्लेल्या पाच बिस्किटं, एक केळं आणि वर कपभर साखरेच्या दुधाची. (माझ्या एका पेशंटच्या आईने तर उशाशी गुळाची ढेपच ठेवलेली, मुलगा अर्धवट झोपेत किती तोडायचा ते कोणालाच माहीत नाही.) लो झाली की १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाण्यात तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर, १५ मिनिटं थांबायचं, परत बघायचं. परत बघताना बोटातून, कारण सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. रक्तात ८५ झालेली असते, फोन अजून ५८ दाखवतोय, माणूस खातच सुटतो.

तेव्हा पहिलं टार्गेट, पुढच्या चार आठवड्यांचं, ७० खाली ४% च्या आत आणि ५४ खाली १% च्या आत. एवढंच. हिरव्याकडे बघायचंच नाही. जेवणाचा डोस घेतल्यापासून चार तासांच्या आत जादा डोस नाही, झोपताना २५० च्या आत असेल तर काही करायचं नाही, त्यावर असेल आणि जेवणाच्या डोसला चार तास झालेले असतील तर तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाच्या निम्माच. शुगर ३०० वर अडून बसली, उलटी-मळमळ होतेय असं असेल तर हा नियम लागू नाही, तेव्हा कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारे आम्ल पदार्थ) तपासायचे आणि डॉक्टरांना फोन. आणि ग्लार्जिन बरोबर आहे का हे दोन-तीन रात्री बघून घ्या: लवकर, हलकं जेवून, चार तासांनी जादा काही न घेता झोपायचं आणि बघायचं की सकाळपर्यंत रेघ किती हलते. तीसेकच्या आत हलली तर ग्लार्जिन ठीक. सरळ उतरत गेली तर २२ जास्त आहे, आणि ते कमी करायचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून, नुसतं माझं वाचून नाही.

यात एक गोष्ट होईल ती आत्ताच सांगून ठेवते नाहीतर महिनाभराने निराश व्हाल. लो कमी झाले की सरासरी थोडी वर जाऊ शकते. एचबीए१सी ७.१ चा ७.३ येऊ शकतो आणि घरात लगेच "अरे बिघडलं की" सुरू होईल. बिघडलेलं नसतं, खोटा आधार काढून घेतलेला असतो.

दुसरा टप्पा सकाळचा, आणि इथेच तुमचे सगळ्यात जास्त टक्के पडलेत. नऊला पोहे किंवा उपमा, कधी पावभर शिऱ्यासकट, इन्सुलिन पहिल्या घासाबरोबर किंवा खाऊन झाल्यावर "लक्षात आलं म्हणून", आणि साडेदहाला २६०. पोहे फार पटकन चढतात आणि पेनचं रॅपिड इन्सुलिन चालू व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं घेतं, शिवाय पहाटेपासून शरीर स्वतःच शुगर सोडत असतं त्यामुळे सकाळी तेच पोहे संध्याकाळपेक्षा जास्त चढवतात. डोस तोच ठेवून फक्त १५ मिनिटं आधी घ्या. अंघोळीला जायच्या आधी इंजेक्शन, बाहेर येऊन नाश्ता, एवढी साधी सांगड. (शुगर ९० च्या खाली असेल त्या दिवशी थांबायचं नाही, लगेच खायचं. आणि इन्सुलिन घेऊन कोणाचा फोन आला म्हणून अर्धा तास गॅलरीत बोलत बसायचं नाही, हे प्रत्यक्षात झालेलं आहे.) पोहे सोडा असं मी म्हणणार नाही, सुटत नाहीत ते, पण एका वाटीवर या, शेंगदाणे आणि बाजूला मोड आलेली मटकी किंवा दोन अंडी वाढवा. दहा दिवस हेच, बाकी काही न बदलता. एकाच वेळी नाश्ता, ग्लार्जिन, रात्रीचं जेवण आणि चालणं चारही बदललं तर कशाने काय झालं ते मलाही सांगता येणार नाही.

इंजेक्शनच्या जागा बघा बरं का. बेंबीच्या दोन्ही बाजूंना हात फिरवा, कुठे रबरासारखं, जाड लागतंय का. १६ वर्षं पेन त्याच दोन बोटांच्या जागेत टोचला तर गाठी होतात, तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो आणि इन्सुलिन एक दिवस शोषलं जातं, एक दिवस नाही. ४२% सीव्हीमागे मी पहिल्यांदा हेच शोधते. गाठीतून चांगल्या जागी आलात की तोच डोस जास्त लागू पडेल, म्हणून त्या आठवड्यात डोस जरा कमी करून घ्यावा लागतो, हे विसरू नका.

मग ५२ चे किती करायचे? माझ्या मते तीन महिन्यांत ६०. रेंजमधे ५% वाढ झाली तरी तिला अर्थ असतो, ५% म्हणजे रोजची ७२ मिनिटं. १०% वाढ म्हणजे एचबीए१सीमधे साधारण अर्धा ते पाऊण पॉइंटचा फरक. ७०% पुढच्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत झालं तरी उत्तम. आणि जोर लावून शुगर खाली आणायच्या आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तुम्ही शेवटचा कधी तपासला ते लिहिलेलंच नाही. खूप दिवस वर असलेली शुगर झपाट्याने उतरवली तर पडद्यावर आधीच बदल असतील तर ते काही काळ वाढू शकतात, हे १९९३ मधे प्रसिद्ध झालेल्या टाइप १ च्या मोठ्या अभ्यासातही दिसलं होतं. दूरच्या हिशोबात फायदाच असतो, पण आधी बघून, सावकाश.

तुमच्या ग्रुपमधल्या त्या मुलाचे ८८% आहेत म्हणून तुम्ही खजील झालात. तो इन्सुलिन पंपावर आहे, २४ वर्षांचा आहे, घरून काम करतो. सोडून द्या. टार्गेट माणसाप्रमाणे बदलतं. माझ्याकडे एक रिटायर्ड शिक्षक आहेत, ७६ वर्षांचे, एकटे राहतात, किडनी थोडी कमकुवत. त्यांच्यासाठी रेंजमधे ५०% च्या वर पुरे, पण ७० खाली १% सुद्धा चालत नाही, म्हणजे दिवसाची १५ मिनिटं, कारण ते बाथरूममधे पडले तर दार कोण उघडणार. उलट टाइप १ असलेली बाई गरोदर असेल तर रेंजच बदलते, ६३ ते १४०, आणि त्यात ७०% पेक्षा जास्त. ५२% तिला आले असते तर मी आज संध्याकाळी बोलावलं असतं.

अलार्म तुम्ही बंद करून टाकलेत कारण फोन सारखा ठणाणा करतो आणि मिसेस वैतागतात. चूक नाही तुमची, वरचा अलार्म १८० ला लावला तर तो दिवसातले दहा तास वाजणारच. वरचा २७० ला न्या किंवा सध्या बंदच ठेवा. खालचा मात्र ८० ला लावा, ७० ला नाही, तुम्हाला इशारे कळत नाहीत म्हणून दहाचं अंतर जास्त हवं. लो कळायला लागले की परत ७० ला आणू.

सेन्सर कायम लावणं परवडत नाही हे तुम्ही शेवटी लाजत लाजत लिहिलंय, त्यात लाजण्यासारखं काय आहे, बहुतेकांना नाही परवडत. तीन महिन्यांतून एक लावा. १४ दिवस पूर्ण, त्यातला किमान ७०% डेटा भरलेला हवा, नाहीतर टक्केवारीला अर्थ नाही. पहिल्या दिवसाचे आकडे जरा हलके घ्या, सेन्सर स्थिरावायला वेळ घेतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर काही सेन्सर शुगर खोटी जास्त दाखवतात, त्या दिवसांत बंद. आणि नेहमीचे दिवस निवडा, गणपतीच्या दहा दिवसांत मोदक खात लावलेल्या सेन्सरवरून वर्षाचा डोस ठरवायचा नसतो. (पण एखादा मुद्दाम उपवासाच्या दिवसांत लावून बघा, साबुदाण्याची खिचडी काय करते ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की मला बोलावं लागत नाही.) मधल्या काळात ग्लुकोमीटरने जोड्या तपासा, एक आठवडा नाश्त्याआधी आणि दोन तासांनी, पुढचा आठवडा रात्रीच्या जेवणाची जोडी, आणि आठवड्यातून दोनदा पहाटे तीनला गजर लावून. रोज सकाळी उपाशीपोटी एकदाच तपासून वही भरण्यापेक्षा हे खूप कामाचं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पहिलं पान तर न्याच, पण त्या चार रात्रींची रोजची पानंही काढून न्या, जादा डोसची वेळ पेनने त्यावर लिहून, कारण सेन्सरला तुम्ही काय टोचलंत ते कळत नाही. आणि नवीन सेन्सर उजव्या दंडाला लावा.